पेन्सिलीची काट, शाईची चूक

पत्र थोडक्यात असं: फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताई लिहितात. वडील ६९ वर्षांचे, पेडण्याकडच्या मूळ घरी थोरल्या भावाबरोबर राहतात. पावसाच्या सुरुवातीला त्यांना दम लागू लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तपासणीत ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग, निघाला. जनुकांच्या रिपोर्टात ‘डीएनएमटी३ए’ आणि ‘आयडीएच२’ अशी दोन नावं आहेत. डॉक्टर म्हणाले, हा ‘एपिजेनेटिक’ यंत्रणेतला बिघाड आहे, आणि वय पाहता जहाल किमोऐवजी ॲझासायटिडिनची इंजेक्शनं व व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या बऱ्या. भावाने ‘एपिजेनेटिक’ हा शब्द मोबाइलवर शोधला. आहाराने, विचारांनी, श्वासाने जनुकं ‘उलटवता’ येतात असे व्हिडिओ त्याला मिळाले. आता तो वडिलांना किनाऱ्यावरच्या एका शिबिरात २१ दिवस न्यायचं म्हणतो. इंजेक्शनांचं चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, बघू. वडिलांना आजाराचं नाव सांगायचं नाही, हेही त्यानेच ठरवलं आहे. ताई विचारतात: भावाशी भांडू का? माझ्या नऊ वर्षांच्या मुलाकडे हे येईल का? आणि मध्ये कंसात: (मार्चमध्ये जमिनीवरून माझं बाबांशी कडाक्याचं भांडण झालं होतं. ताणाने एपिजेनेटिक बदल होतात म्हणे.) शेवटी सहज एक ओळ आहे, की बाबा तीस वर्षं गावच्या जत्रेच्या नाटकांना विंगेत वही धरून उभे राहायचे.

ताई,

कंसातल्या प्रश्नापासून सुरू करते. तो तुम्ही कंसात घातलात म्हणजे तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार.

मार्चमधल्या भांडणाने पावसाळ्यात ल्युकेमिया होत नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही, रिपोर्टातलं पहिलं नावच ते सांगतं. डीएनएमटी३ए या जनुकातला बदल बहुधा रक्ताच्या एखाद्या मूळ पेशीत कित्येक वर्षं आधी झालेला असतो, आणि ती पेशी गुपचूप आपली पिलावळ वाढवत बसलेली असते. २०१४ साली रक्ताचा कोणताही कर्करोग नसलेल्या हजारो लोकांचं रक्त तपासलेले मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. सत्तरीच्या पुढच्या दर दहांपैकी साधारण एकात असे बदल सापडले, आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा सापडलं ते हेच जनुक. त्यातल्या बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. काहींच्या बाबतीत त्याच पेशीत आणखी एखादा बदल पडतो आणि गाडी घसरते. बेंझीनसारखी रसायनं, धूम्रपान, पूर्वी घेतलेली किमो किंवा रेडिएशन यांनी धोका वाढतो हे ठाऊक आहे. पण सगळ्यांत मोठं कारण वय. जमिनीची वाटणी या यादीत नाही. ताणाने शरीराला काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही, पण ताण डीएनएमध्ये जाऊन नेमकं हे अक्षर बदलत नाही.

आता दादा. तुमच्या पत्रात तो अडाणी, हट्टी असा उभा राहिलाय. मला तो तसा वाटला नाही. त्याने डॉक्टरांच्या तोंडचा एक अवघड शब्द उचलला, घरी जाऊन शोधला, आणि त्यातली एक गोष्ट बरोबर पकडली: एपिजेनेटिक बदल उलटवता येतात. हे खरंच आहे. गल्लत पुढच्या पायरीवर झाली. ‘उलटवता येतं’ याचा अर्थ त्याने ‘आपण घरबसल्या उलटवू’ असा लावला. या दोन वाक्यांमध्ये ६० वर्षांचं औषधशास्त्र आहे.

ते समजायला बाबांची वहीच घेऊ. जत्रेचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तरी सगळं नाटक कधी होत नाही. वहीत छापील मजकूर असतो आणि त्यावर पेन्सिलीने काटलेलं असतं: हा प्रवेश गाळा, हे पद दोनच ओळी. मजकूर तोच, पण एका गावात चार तासांचा प्रयोग होतो, दुसऱ्या गावात अडीच. आपल्या शरीराचंही तसंच आहे. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत मजकूर एकच, प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं. कोणत्या पेशीने कोणता प्रवेश करायचा नाही हे ठरवणाऱ्या खुणा डीएनएवर वरून लावलेल्या असतात. याच एपिजेनेटिक खुणा. त्यातली सर्वांत जास्त अभ्यासलेली खूण म्हणजे मेथिल, एक कार्बन आणि तीन हायड्रोजनची चिमुकली चकती. ती जनुकाच्या तोंडाशी दाट लागली की ते जनुक बहुधा गप्प बसतं. शिवाय डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळला तर वाचता येत नाही, सैल सोडला तर येतो.

(हे नुसतं पुस्तकी नाही. मी अनेक वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा पाहिल्या. पिकलेल्या पांढऱ्या पेशीचं केंद्रक गडद असतं, त्यात धाग्याच्या घट्ट गुठळ्या दिसतात. ल्युकेमियातली कोवळी पेशी, जिला ब्लास्ट म्हणतात, तिचं केंद्रक मोठं, आणि आतला धागा मलमलीसारखा विरळ पसरलेला. पहिल्या दिवशीच नवशिक्यालाही तो फरक कळतो. कोणती पेशी मोठी झाली आणि कोणती झालीच नाही, ते तिथे डोळ्यांना दिसतं.)

ल्युकेमियात हेच होतं: कोवळ्या पेशी पिकत नाहीत. मोठं होण्याचा प्रवेशच काटला गेलेला असतो. बाळकृष्णाचं काम करणारी पोरं कंसवधापर्यंत बाळकृष्णच राहिली, आणि वर रंगमंचावर त्यांचीच गर्दी झाली, असं काहीसं. चांगल्या रक्तपेशींना उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून बाबांना दम लागतो, म्हणून हिरड्यांतून रक्त येतं.

दादाचा युक्तिवाद इथे अडतो. तो म्हणतो, बाबांची जनुकं चांगली आहेत, फक्त खुणा चुकल्यात. बाबांच्या बाबतीत तसं नाही. डीएनएमटी३ए हे जनुक म्हणजे पेन्सिल धरणारा हात. नव्या मेथिल खुणा तो लावतो. आयडीएच२ बिघडलं की पेशीत एक भलतंच रसायन साचतं आणि ते खोडरबराला, म्हणजे टीईटी२ नावाच्या एन्झाइमला, काम करू देत नाही. बाबांच्या वहीत या दोन जागांवर छापील शाईच बदलली आहे, आणि त्यामुळे पुढच्या सगळ्या पेन्सिली भरकटल्या. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात हे काही दुर्मीळ नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत २०० रुग्णांच्या पेशींचा बारकाईने अभ्यास झाला. त्यात ४४ टक्के रुग्णांत मेथिल खुणांशी संबंधित जनुकांतच बिघाड होता. आणि शाईतलं अक्षर कोणत्याही रसाने, काढ्याने, श्वासाने बदलत नाही.

खुणा मात्र बदलतात. दादाला सांगायचं ते इथे आहे, ते नीट वाचा. ॲझासायटिडिन हे इंजेक्शन म्हणजेच तो शोधतोय ती ‘उलटवण्याची’ गोष्ट. हा रेणू पहिल्यांदा १९६४ साली प्रागच्या प्रयोगशाळेत बनवला गेला. सुरुवातीला त्याच्याकडे पेशी मारणारं विष म्हणूनच बघितलं जाई. १९८० मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवलं की हे औषध थोडं दिलं तर उंदराच्या गर्भातल्या साध्या पेशींपासून चक्क स्नायूच्या पेशी तयार होतात, आणि त्याच वेळी डीएनएवरच्या मेथिल खुणा कमी होतात. पेशी दुभंगताना वहीची नक्कल होते आणि एक नकलनवीस, डीएनएमटी१, जुन्या वहीतल्या काटा नव्या वहीत इमानेइतबारे उतरवतो. ॲझासायटिडिन हे खोटं अक्षर बनून मजकुरात शिरतं, नकलनवीस त्याला चिकटून बसतो, आणि पुढच्या वह्या कमी काटांच्या निघतात. म्हणून ते हळू चालतं, पेशी दुभंगत राहाव्या लागतात. एकटं दिलं तर परिणामासाठी चार ते सहा महिने वाट पाहावी लागायची. जोडीचं व्हेनेटोक्लॅक्स हे ल्युकेमियाच्या पेशीला मरू न देणारं बीसीएल२ हे प्रथिन अडवतं, त्यामुळे आता उत्तर बऱ्याचदा उपचाराच्या पहिल्या-दुसऱ्या चक्रातच, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत, मिळतं. (ॲझासायटिडिन फक्त खुणा पुसूनच काम करतं असं नाही, ते पेशीला थेट इजाही करतं. दादाला हेही सांगा, नाहीतर उद्या तो कुठेतरी वाचेल आणि म्हणेल, मला फसवलं.)

त्याच्या व्हिडिओंमध्ये ‘व्हिटॅमिन एने ब्लड कॅन्सर बरा’ हेही असणारच. तेही अर्धं खरं आहे, आणि त्यातली खरी गोष्ट व्हिडिओपेक्षा भारी आहे. ल्युकेमियाचा एक उपप्रकार आहे, प्रोमायलोसायटिक, एपीएल. त्यात दोन गुणसूत्रांचे तुकडे जोडले जाऊन एक विचित्र प्रथिन बनतं, ते पिकण्याच्या जनुकांवर बसकण मारतं आणि गप्प करणारी मंडळी तिथे गोळा करतं. शांघायमध्ये १९८५ साली डॉ. वांग झेन्यी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला व्हिटॅमिन एपासून बनवलेलं एक आम्ल दिलं. त्याने ती मंडळी उठली, आणि कोवळ्या पेशी पिकायला लागल्या. पुढे त्याच्या जोडीला आर्सेनिक आलं. आज कमी धोक्याच्या एपीएलमध्ये दहातले नऊहून जास्त रुग्ण बरे होतात. पण ते आम्ल मोजून दिलेलं औषध होतं, गाजराचा रस नव्हे, आणि ते चालतं ते फक्त त्या एका प्रकारात. बाबांना एपीएल नाही हे तपासलंय ना, एवढं डॉक्टरांना अवश्य विचारा. बहुधा पहिल्याच दिवशी तपासलेलं असेल.

तर भांडू का? नको. त्याच्याजवळ बसून म्हणा, “दादा, तू म्हणतोस तेच डॉक्टर करताहेत. खुणाच पुसताहेत.” जो माणूस बाजू घेऊन उभा आहे त्याला आपल्या बाजूला आणायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या बाजूतलं खरं तेवढं उचलणं. आणि मग त्याला काम द्या. मला वाटतं, दादाला शिबिर नकोच आहे. हातावर हात ठेवून बसायचं नाही, काहीतरी करायचं आहे. थर्मामीटर आणि वही त्याच्याकडे सोपवा. सकाळ-संध्याकाळ ताप लिहायचा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, गाठलं की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजताही गाडी काढायची. पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसात काही तासांत जंतुसंसर्ग हाताबाहेर जातो. श्वासाचे व्यायाम, शांत बसणं, हे तो बाबांना घरी करून घेऊ दे, त्याला कोणताही डॉक्टर नाही म्हणणार नाही.

शिबिराला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. या आजाराच्या नावातच ‘ॲक्यूट’ आहे. उपचाराविना तो बऱ्याचदा महिन्यांच्या नव्हे, आठवड्यांच्या हिशोबाने पुढे सरकतो. त्यात २१ दिवस कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं, रस, अनोळखी पाणी, आणि रात्री रक्त किंवा प्लेटलेट लागल्या तर जवळ काही नाही. घरची पेज, नीट शिजवलेलं नुस्तं (मासे), उकळलेलं पाणी यांनी बाबांचं जास्त भलं होईल. तिसऱ्या, खुबे असे शिंपले पूर्ण शिजलेले हवेत. चवथीपर्यंत थांबायचं की नाही हे दादाने किंवा तुम्ही ठरवायचं नसून रक्तपेशींचा काउंट पाहून डॉक्टरांनी ठरवायचं आहे, आणि ते बहुधा नको म्हणतील.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रात आहे ते. बाबांना कोण सांगणार?

माझ्या काकांना आम्ही “रक्त कमी झालंय” एवढंच सांगितलं होतं. ज्या इस्पितळात नेलं तिथे दारावर हातभर अक्षरात ‘कर्करोग विभाग’ लिहिलेलं होतं, आणि काका मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पाटी वाचली, आमच्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. पुढचे चार महिने आम्ही त्यांच्याशी खोटं बोललो आणि ते आमच्याशी. मला अजून त्याची लाज वाटते.

तुमच्या बाबांना दर २८ दिवसांच्या चक्रात सात दिवस पोटावर किंवा मांडीवर सुई टोचली जाणार आहे. रक्त चढवलं जाणार आहे. संमतिपत्रावर सही त्यांची लागेल. हे सगळं नावाशिवाय कसं करणार? “बाबा, रिपोर्टातलं तुम्हाला किती ऐकायचंय?” एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. ते म्हणाले “दादाशी बोला, मला नको,” तर तोही त्यांचा निर्णय. पण निदान विचारलेलं असेल. आणि समजावून सांगायची वेळ आली तर वही काढा. पेन्सिलीची काट म्हणजे काय हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. ते ऐकून बाबाच कदाचित तुम्हाला चार गोष्टी सांगतील.

त्यांना सांगायचं तर खरे आकडेही ठेवावे लागतील. जी मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली ती वय झालेल्या किंवा जहाल किमो न झेपणाऱ्या रुग्णांवर होती. त्यात नुसत्या ॲझासायटिडिनवर रुग्णांचं मध्यम आयुष्य ९.६ महिने होतं, व्हेनेटोक्लॅक्स जोडल्यावर १४.७ महिने. आजार आटोक्यात येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. मध्यम म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले, काही खूपच जास्त, आणि आयडीएच२मध्ये बिघाड असलेल्यांत या जोडीचं उत्तर चांगलं मिळतं असं दिसलंय. तरी बहुतेकांसाठी हा कायमचा इलाज नव्हे, वेळ मिळवणं आहे. ६९ हे वय असं आहे की प्रकृती धडधाकट असेल तर जहाल किमो आणि नंतर मूळपेशी-प्रत्यारोपण हा प्रश्न विचारायला हरकत नसते, अगदी अर्धा जुळणारा मुलगा किंवा मुलगीही दाते होऊ शकतात. आणि दुसऱ्या टोकाला, फक्त रक्त, प्लेटलेट, वेदना नको, घरी राहू द्या, असं म्हणायचा हक्कही बाबांना आहे. यातलं काय, हे ठरवायला दुसरं मत हवं असेल तर बाबांना रेल्वेत घालून मुंबईला, परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात न्यायची गरज पहिल्या दिवशी नाही. बोन मॅरोच्या काचा, रिपोर्ट घेऊन तुम्हा दोघांपैकी एकाने जावं, आणि तोवर इथले उपचार थांबवू नयेत. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खर्चाच्या खिडकीवर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत काय बसतं ते आधीच विचारून ठेवा; गोळ्या महाग आहेत.

मुलाचं थोडक्यात. बाबांच्या रिपोर्टातले बदल त्यांच्या रक्ताच्या पेशींत, मोठेपणी झालेले आहेत. ते तुमच्यात आलेले नाहीत, मग तुमच्या मुलात कुठून येणार? रक्ताच्या आजारांची जन्मजात ओढ असलेली घराणी असतात, पण थोडी. घरात आणखी कोणाला रक्ताचे विकार झाले असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. नसतील तर पोराचं रक्त उगाच काढू नका.

शेवटची गोष्ट स्वयंपाकघरातली, जी धावपळीत सांगायची राहून जाऊ शकते. व्हेनेटोक्लॅक्स चालू असताना ग्रेपफ्रूट, कडू संत्रं आणि करमल खायचं नाही. करमल म्हणजे कापल्यावर चांदणी दिसते ते, घाटावर कमरख म्हणतात. त्यांच्यामुळे गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसाचा हिशोब भलताच होतो. तोरंज हे ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं, तेव्हा तेही टाळलेलं बरं. बुरशीवरची काही औषधंही तेच करतात, म्हणून कोणतीही नवी गोळी, काढा, भस्म आधी विचारल्याशिवाय नको. चवथीला माटोळीवर (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवीवर) दोन्ही फळं खुशाल बांधा, ती बघण्याने काही होत नाही. फक्त विसर्जनानंतर करमलांचं लोणचं घातलंत तर बरणी वहिनींच्या ताब्यात द्या, कारण तुमच्या बाबांच्या वयाची गोंयची माणसं लोणच्यापुढे डॉक्टरांचं ऐकत नाहीत.